लॅपटॉप म्हातारा झाला, की त्याची डिस्क थकली?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली होती आणि आमच्या घरातला लॅपटॉप हातपाय गाळून बसला होता. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती बटण दाबून चहा ठेवायची, चहा पिऊन कप विसळायची, तरी पडद्यावरचे ते चाक आपले गरगरतच असायचे. उत्पन्नाचा दाखला उघडायला पाच मिनिटे, तो पोर्टलवर चढवायला गेले की सगळेच गोठायचे. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पप्पा, याच्यापायी माझा फॉर्म राहिला तर?"

श्रीरामपुरातल्या एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो. दुकानदाराने तो उघडलाही नाही. "साहेब, सात-आठ वर्षांचं मशीन आहे. याचं आयुष्य संपलं. नवीन घ्या, पस्तीस हजारांपासून आहेत. हप्ते करून देतो."

पस्तीस हजार! ज्या घरात एकाच्या पगारावर पाच माणसे जेवतात, तिथे हा आकडा ऐकून माणूस आधी खाली बसतो. तरीही मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणून हप्त्याचा कागद हातात घेतला होता. पण घरी आल्यावर वस्तीतला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलेला एक तरुण भेटला. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, दोन-तीन बटणे दाबली आणि म्हणाला, "काका, लॅपटॉप चांगला आहे. याची डिस्क थकली आहे. ती बदला."

डिस्क बदलली. खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. आज तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. फॉर्म मुदतीत गेला. हप्त्याचा कागद रद्दीत गेला.

वाचकहो, आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत असा एखादा जुना लॅपटॉप असतो. कोणी पुण्याहून सेकंडहँड आणलेला, कोणी कंपनीतून निकालात निघालेला घेतलेला. तो मंद झाला की आपण तो फडताळात टाकतो किंवा कर्ज काढून नवा आणतो. दोन्हीच्या आधी काय पाहावे आणि डिस्क घ्यायची झाली तर कोणती घ्यावी, हे साध्या भाषेत सांगण्यासाठी हा लेख.

रेकॉर्ड रूमचा शिपाई

हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपची रेकॉर्ड रूम. विंडोज, मुलांचा अभ्यास, फोटो, दाखले सगळे तिथे ठेवलेले असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये आत गुळगुळीत तबकडी फिरते. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावर एक बारीक सुई पुढेमागे सरकत मजकूर वाचते. ही सुई तबकडीला टेकत नाही. आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट कमी अंतरावर ती तरंगते. म्हणूनच चालू लॅपटॉप आपटला, किंवा तो चालूच ठेवून मोटारसायकलवरून खड्ड्यांतून नेला, की डिस्क दगावते.

आता कार्यालयातला शिपाई डोळ्यांसमोर आणा. साहेबांनी एक फाईल मागितली की तो रॅकपर्यंत चालत जाणार, शोधणार, आणणार. एकच जाडजूड फाईल आणायची तर ठीक. पण शंभर निरनिराळ्या रॅकमधले शंभर कागद मागितले तर त्याचा दिवस त्यातच जाईल. विंडोज सुरू होताना नेमके हेच होते. हजारो लहान लहान फाईली वेगवेगळ्या जागांवरून आणाव्या लागतात आणि फिरणारी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच अशा जागा गाठू शकते.

नव्या पद्धतीच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काही नाही, सगळ्या चिपा. सगळे कागद जणू टेबलावर उघडेच मांडलेले. सेकंदाला हजारो जागा ती सहज वाचते. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली की तो तरुण झाल्यासारखा वाटतो. लॅपटॉप तोच असतो, फक्त शिपायाची धावपळ संपलेली असते.

साठवणीचे हे शास्त्र कुठून कुठे आले पाहा. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आकार कपाटाएवढा आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरे. आज त्याच्या कितीतरी हजार पट साठवण तळहातावर मावते.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाही. आपणही तसेच करावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप रखडलेला असताना तिथे "डिस्क"समोरचा आकडा सतत शंभर टक्के असेल, तर दुखणे बहुधा डिस्कचेच. "मेमरी"समोरचा आकडा नव्वदच्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे. रॅम कमी पडली की लॅपटॉप डिस्कलाच रॅमसारखा राबवतो, म्हणून दोन्ही आकडे वर दिसू शकतात. चार जीबी रॅम असेल आणि जागा मोकळी असेल, तर डिस्कबरोबर रॅमचाही विचार करावा.

डिस्कची प्रकृती सांगणारे "क्रिस्टलडिस्कइन्फो" नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्क चांगली, सावध किंवा वाईट असा शेरा देते आणि ती आजवर किती तास चालली तेही दाखवते. त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळी पाहाव्यात. तिथे शून्याऐवजी आकडा आला आणि तो वाढत असेल, तर डिस्कवरच्या जागा खराब होत चालल्या आहेत. त्याच दिवशी कागदपत्रांची नक्कल काढावी.

आणि डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर? लॅपटॉप ताबडतोब बंद करा. "अजून एकदा चालू करून बघू" म्हणत बसू नका. ही चूक आम्ही केली आहे, म्हणून हात जोडून सांगतो. आमच्या आधीच्या लॅपटॉपमध्ये आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मोबाईलवर घेतल्या, लॅपटॉपवर उतरवल्या आणि जागा कमी पडली म्हणून मोबाईलवरून पुसल्या. डिस्क टकटकू लागली तरी आम्ही दोन दिवस ती चालू-बंद करत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती कायमची मुकी झाली. तोवर आईही राहिली नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आम्हाला घरातल्या एका बाईच्या दहा-बारा ओव्या सांभाळता आल्या नाहीत. दुसरी नक्कल एका पेनड्राईव्हमध्ये मावली असती.

जागा कोणती ते उघडून पाहा

दुकानात जाण्याआधी आपल्या लॅपटॉपला कोणती डिस्क लागते ते पाहावे. खालच्या बाजूला चिकटवलेला मॉडेल नंबर वहीत लिहून घ्यावा. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत डिस्कचा प्रकार दिलेला असतो. साधारण चार प्रकार आढळतात.

पहिला, अडीच इंची साटा. २००८ ते २०१८ च्या दरम्यानच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हाच असतो. यात जाडी पाहावी. जुन्या डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असत, हल्लीच्या सात मिलिमीटरच्या आहेत. साडेनऊच्या जागेत सातची बसते, सोबत प्लास्टिकची चौकट लावली की हलत नाही. उलट मात्र होत नाही.

दुसरा, एम-टू. ही च्युइंगगमच्या पट्टीसारखी असते. इथेच पुष्कळ लोक फसतात. दिसायला सारख्या असल्या तरी एम-टूमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि सगळ्या लॅपटॉपला दोन्ही चालत नाहीत. लांबीही वेगवेगळी असते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत नेणे हाच उत्तम उपाय.

तिसरा, आयडीई. याला बारीक पिनांच्या दोन ओळी असतात. हे लॅपटॉप फारच जुने. त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

चौथा, बोर्डावरच डाखलेली साठवण. काही स्वस्त लहान लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची अशी चिप असते. ती बदलता येत नाही. दुसरी डिस्क बसवायला वेगळी जागा आहे का, एवढेच पाहावे.

"आमचा लॅपटॉप जुना, त्याला नव्या डिस्कचा वेग झेपेल का?" असा प्रश्न लोक विचारतात. जुन्या साटा जोडणीवर एसएसडी तिच्या पूर्ण वेगाने धावत नाही हे खरे. पण आपल्याला जी चपळाई जाणवते ती लहान फाईली झटपट सापडण्याची आणि ती जुन्या लॅपटॉपवरही मिळते. म्हणून अशा लॅपटॉपसाठी महागातली महाग डिस्क घेण्याचे कारण नाही. नावाजलेल्या कंपनीची साधी साटा एसएसडी पुरते.

किती मोठी आणि किती टिकाऊ?

कॉलेजचा अभ्यास, फॉर्म, टायपिंग आणि इंटरनेट एवढ्यासाठी २४० किंवा २५६ जीबी पुरेशी. कार्यक्रमांचे फोटो, व्हिडिओ साठवायचे असतील तर ५०० जीबीची घ्यावी. डिस्क कधीही काठोकाठ भरू नये. पाचवा हिस्सा मोकळा असला की ती नीट चालते.

५०० जीबीची डिस्क घेतली आणि लॅपटॉपमध्ये ४६५ च दिसते, म्हणून काही जण दुकानदाराशी भांडतात. यात फसवणूक नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. एकाच शेताचे माप एकरात आणि हेक्टरात वेगळे दिसते, तसेच हे.

एसएसडीच्या माहितीपत्रकावर टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. डिस्कवर एकूण किती लिहिले जाईपर्यंत कंपनी हमी पाळते, तो हा आकडा. समजा २४० जीबीच्या साध्या डिस्कवर ८० टीबीडब्ल्यू आहे. आपण रोज २० जीबी लिहिले, जे घरगुती वापरात क्वचितच होते, तर वर्षाला ७.३ टीबी होते. म्हणजे हा आकडा गाठायला जवळपास ११ वर्षे लागतील. तेव्हा "एसएसडी लवकर झिजते" या बोलण्याने घाबरू नये.

मग फिरणारी हार्ड डिस्क घ्यायचीच नाही का? जास्त साठवण कमी पैशात हवी असेल तर ती अजून उपयोगी आहे, पण लॅपटॉपच्या आत नव्हे, बाहेर. फोटो-व्हिडिओची नक्कल ठेवून जपायला ती चांगली. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातला मजकूर पुसट होण्याची भीती असते.

भाव आणि बिल

या वस्तूंचे भाव दूरच्या घटनांनी हलतात. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे मेमरीच्या चिपा आणि त्यांच्याबरोबर एसएसडी महाग झाल्या. म्हणून जुन्या भावावर विसंबू नये. श्रीरामपुरात दोन-तीन दुकानांत विचारावे. कोणी पुण्याला तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणार असेल तर तिथलाही भाव काढावा. पण शे-दोनशे रुपये वाचवताना एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरावी.

पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि डिस्कवरचा सिरीयल नंबर त्यावर लिहून घ्यावा. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी या बिलावरच मिळते. "बिल नको असेल तर कमी करतो" या बोलीला भुलू नये.

वापरलेली डिस्क शक्यतो घेऊ नये. घ्यायचीच वेळ आली तर आधी सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती किती तास चालली ते पाहावे. वर्षाचे ८,७६० तास होतात, त्यावरून अंदाज येतो. आणि अनोळखी नावाची, मोठ्या आकड्याची, अगदी स्वस्त डिस्क कोणी दाखवली तर दूर राहावे. अशा काही डिस्कवर आकडा खोटा असतो. त्या भरत गेल्या की आधीचा मजकूर गिळतात.

कागद आधी, डिस्क मागून

डिस्क पुन्हा मिळते, कागद मिळत नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांसाठी आपण तहसील कचेरीचे आणि सेतू केंद्राचे किती हेलपाटे घातले, ते आठवा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हेच कागद स्कॅन करून लागतात. त्यांची एकच नक्कल एका थकलेल्या डिस्कवर ठेवणे म्हणजे वर्षभराचे धान्य गळक्या पत्र्याखाली ठेवण्यासारखे आहे.

म्हणून डिस्क बदलण्याआधी सगळे कागद आणि फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावेत. एक पेनड्राईव्ह किंवा बाहेरची डिस्क आणि दुसरी जागा घराबाहेरची, म्हणजे ईमेल किंवा नातेवाइकाचा कॉम्प्युटर. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्येही कागद ठेवता येतात. नक्कल काढल्यावर ती उघडून पाहावी. न उघडलेल्या नकलेचा भरवसा धरू नये. एसएसडी घेतल्यावरही ही शिस्त सोडू नये, कारण ती टकटक न करता एखाद्या दिवशी अचानकही बंद पडते आणि तिच्यातले परत मिळवणे अवघड जाते.

बसवताना

लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी काढता येत असेल तर काढावी. निघालेले स्क्रू वाटीत ठेवावेत. जुनी डिस्क धडधाकट असेल तर "क्लोनझिला"सारख्या फुकट सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते. डिस्कवर खराब जागा पडल्या असतील तर नवी सुरुवात करणे चांगले, फक्त आपले कागद उतरवून घ्यावेत.

डिस्क बदलली म्हणून विंडोज १० किंवा ११ चा परवाना पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. लॅपटॉपवर अस्सल विंडोज असेल तर परवान्याची नोंद बोर्डाशी जोडलेली असते. इंटरनेट मिळताच ती बहुधा आपोआप ओळखली जाते. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ जुन्या लॅपटॉपना अधिकृतपणे चालत नाही. अशा वेळी दुकानदार चोरीची आवृत्ती टाकून देतो म्हणतो. ती नाकारावी, तिच्याबरोबर पासवर्ड चोरणारे काही येणार नाही याची खात्री नसते. त्याऐवजी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने तयार केलेले बॉस लिनक्स कायदेशीरपणे फुकट मिळते. मराठी टायपिंग, इंटरनेट, लिब्रेऑफिस सगळे त्यात चालते. आमच्या लॅपटॉपवर आता मिंटच आहे. फक्त एखाद्या अभ्यासक्रमाला खास विंडोजवरचेच सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी शिक्षकांना विचारून घ्यावे.

जुन्या डिस्कचे काय?

जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, परत मागून घ्या. ती आपली आहे आणि तिच्यात आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलींचे फोटो आहेत. फाईल नुसती डिलीट केली की ती पुसली जात नाही, जाणकाराला परत काढता येते. डिस्क चालू असेल तर ती संपूर्ण पुसून, बाहेरच्या डब्यात घालून, जादा नकलेसाठी वापरता येईल. मात्र खराब शेरा असलेल्या डिस्कवर एकुलती नक्कल ठेवू नये. बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडेच ती द्यावी.

आणि केव्हा खर्च करूच नये तेही सांगतो. बॅटरी फुगली आहे, पडदा फुटला आहे, बिजागरी निखळली आहे आणि रॅम दोन जीबीच्या पुढे वाढत नाही, अशी सगळीच दुखणी एकत्र असतील तर डिस्कवर पैसे घालू नका. पण लॅपटॉप नुसता मंद असेल, तर हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी ती तीन बटणे दाबून पाहा.

आमची मुलगी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या कागदांची नक्कल काढते. मागच्या खेपेला तिने मावशीला बसवून दोन ओव्या रेकॉर्ड केल्या. मावशीला त्या आईनेच शिकवल्या होत्या. या खेपेस नकला तीन आहेत आणि त्यांतली एक मावशीच्या घरी आहे.